दहनकक्षाच्या लायनरवर सिरॅमिक कोट: ब्लास्टिंगपासून कूपन कापेपर्यंत

गॅस टर्बाइन इंजिनाच्या दहनकक्षाला आतून पातळ पत्र्याचं अस्तर असतं, तो लायनर. त्याच्यावरचा उष्णता अडवणारा पांढरा सिरॅमिक कोट सुटला की पहिला हात स्प्रे गनच्या पॅनेलकडे जातो. करंट थोडा वाढव, हायड्रोजन थोडा सोड, अंतर कमी कर. पण बहुतेक वेळा घोळ गन पेटायच्या आधीच होऊन गेलेला असतो: ब्लास्टिंगमध्ये (हवेच्या दाबाने कठीण कण, म्हणजे ग्रिट, मारून पृष्ठभाग खडबडीत करताना), ओल्या हवेत, हाताच्या घामात, चुकीच्या जागी लावलेल्या टेपमध्ये. म्हणून या लेखात गनपेक्षा जास्त जागा त्याआधीच्या कामाला दिली आहे.

उदाहरण नेहमीचं घेतलं आहे. हॅस्टेलॉय एक्सच्या सुमारे दीड मिलिमीटर पत्र्याचा लायनर, त्यावर निकेल-कोबाल्ट-क्रोमियम-ॲल्युमिनियम-इट्रियमचा बॉन्ड कोट, म्हणजे सिरॅमिकला पकड देणारा धातूचा थर (शॉपमध्ये नुसतं 'एम-क्रॅली'), आणि वर ७ ते ८ टक्के इट्रिया घातलेल्या झिर्कोनियाचा टॉप कोट. दोन्ही थर साध्या हवेतल्या प्लाझ्मा स्प्रेने: गनमधल्या विद्युत आर्कने तापलेल्या वायूच्या झोतात पावडर वितळवून ती पृष्ठभागावर मारायची. गनची एक फेरी म्हणजे एक पास.

सावधान: उडणाऱ्या इंजिनाचा भाग फक्त इंजिन बनवणाऱ्याच्या मॅन्युअलप्रमाणे आणि मान्यताप्राप्त शॉपमध्येच कोट होतो. इथले आकडे कूपन (लायनरसोबत कोट करून नंतर कापून तपासायच्या छोट्या पट्ट्या), चाचणीचे तुकडे आणि प्रक्रिया बसवण्यासाठी आहेत. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

टप्पा १: जाडी, पावडर आणि कूपन आधी ठरवा

बॉन्ड कोट १०० ते १५० मायक्रॉन, टॉप कोट २५० ते ३५० मायक्रॉन. 'जाड कोट म्हणजे जास्त संरक्षण' हा समज इथे महागात पडतो. झिर्कोनिया तापल्यावर धातूपेक्षा कमी प्रसरण पावतो, आणि थर जाड होत जातो तसा सुटू पाहणारा ताणही वाढतो. पहिला पोपडा निघतो तो कडेला.

जाडीइतकीच सच्छिद्रताही मोलाची. चांगल्या स्प्रे केलेल्या थराची उष्णतावाहकता मीटर-अंशाला साधारण १ वॉट असते. चौरस मीटरला ०.५ मेगावॉट उष्णता वाहत असेल तर ३०० मायक्रॉनच्या थरात सुमारे १५० अंशांचा उतार मिळतो. तोच थर दाट होऊन वाहकता १.५ वर गेली की उतार १०० वर येतो. म्हणजे 'छान दाट कोट बसला' ही इथे तक्रार आहे, कौतुक नव्हे.

पावडरीचा हिशेब: ०.३ चौरस मीटरच्या लायनरवर ३०० मायक्रॉन टॉप कोटचं वजन साधारण ४७० ग्रॅम भरतं. उडवलेल्या पावडरीतली ४० टक्के चिकटते असं धरलं तर १.२ किलो लागते. कडेबाहेर जाणारी, फीडर (गनला पावडर पुरवणारं यंत्र) स्थिर होईपर्यंत वाया जाणारी आणि हॉपरच्या (पावडरीच्या टाकीच्या) तळाशी उरणारी धरून २ किलो जवळ ठेवा. याच क्षेत्रावर १०० मायक्रॉन बॉन्ड कोट देताना १ किलो पुरते. अर्ध्या पासावर हॉपर रिकामा झाला की तिथे शिवण पडते, आणि पुढे कोट त्या शिवणीवरच उकलतो.

कूपन त्याच मिश्रधातूचे आणि त्याच जाडीचे घ्या. ते लायनरच्या फिक्स्चरवरच बसवा आणि ब्लास्टिंगपासून सगळे टप्पे सोबत करा. वेगळ्या दिवशी, जाड पट्टीवर, निवांत मारलेलं कूपन नेहमी पास होतं आणि लायनरबद्दल काहीच सांगत नाही.

टप्पा २: तडे शोधा, मग तेल काढा

वापरलेला लायनर असेल तर जुना कोट पूर्ण काढल्यावर आणि ब्लास्टिंगच्या आधी फ्लुरोसंट पेनिट्रंट तपासणी करा (चमकणारा द्रव तड्यांत मुरवून अतिनील प्रकाशात बघणं). क्रम उलटा केला तर ग्रिटच्या माराने धातू तड्याच्या तोंडावर लोळतो आणि तडा दिसतच नाही. तपासणीनंतर पेनिट्रंट धुऊन काढा आणि भाग ओव्हनमध्ये तापवून तड्यांत, सांध्यांत मुरलेलं तेल बाहेर काढा. नाहीतर प्रीहीटच्या (स्प्रेआधी गनने तापवण्याच्या) वेळी ते पाझरतं आणि वेल्डच्या कडेने तपकिरी ओघळ दिसतो. तो ओघळ पुसून पुढे जाऊ नका. भाग परत सफाईला पाठवा.

तेल-ग्रीस काढायला अल्कलाइन धुलाई, शेवटी ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. भागावर खूण करायची तर शिसं, जस्त किंवा गंधक असलेला पेन, खडू, ग्रीस पेन्सिल वापरू नका. निकेलच्या मिश्रधातूत ही मूलद्रव्यं उच्च तापमानाला कणसीमांमध्ये शिरतात आणि धातू ठिसूळ करतात. कोट शाबूत आणि खालचा पत्रा तडकलेला, असा अजब प्रकार त्यातूनच होतो.

तपासा: स्वच्छ पाणी ओतल्यावर पृष्ठभागावर सलग पापुद्रा राहायला हवा. पाणी थेंबाथेंबात फुटलं तर तेल शिल्लक आहे.

टप्पा ३: मास्किंग दोनदा करायचं असतं

ब्लास्टिंगचं मास्किंग आणि स्प्रेचं मास्किंग वेगळं. ब्लास्टिंगमध्ये टेपची कड कुरतडली जाते, तिच्यात ग्रिट अडकतो आणि तोच ग्रिट प्लाझ्माच्या झोताने उडून कोटमध्ये जातो. ब्लास्टिंगनंतर जुनी टेप काढून नवी लावा.

तीन सीमा डोक्यात पक्क्या ठेवा. ब्लास्ट केलेली जागा बॉन्ड कोटच्या कडेपलीकडे २-३ मिलिमीटर जायला हवी. बॉन्ड कोट टॉप कोटच्या पलीकडे १-२ मिलिमीटर. आणि टॉप कोट कधीही उघड्या धातूवर टेकता कामा नये. तिन्ही कडा एकाच रेषेवर आल्या की सिरॅमिकची धार गुळगुळीत पत्र्यावर बसते आणि पहिल्या काही तापण्या-थंड होण्यातच वर उचलली जाते.

टेपला चिकटून उभी राहिलेली सिरॅमिकची कड टेप काढताना तुकडे घेऊन निघते. जमेल तिथे पत्र्याचा मास्क पृष्ठभागापासून १-२ मिलिमीटर वर धरा. कड उतरती होते आणि काढताना काही तुटत नाही.

थंड हवेच्या बारीक छिद्रांसाठी मागून कोरडी हवा सोडत स्प्रे करा. त्याने छिद्रं पूर्ण वाचत नाहीत, पण नंतरचं काम निम्म्यावर येतं.

टप्पा ४: ब्लास्टिंग

सगळ्यात जास्त कोट इथे बिघडतात.

ग्रिट: पांढरा ॲल्युमिना, २४ ते ६० मेशच्या दरम्यान, पातळ पत्र्याला बारीक बाजूचा. दुसऱ्या जॉबच्या लोखंडावर वापरलेला ग्रिट इथे चालत नाही. ग्रिट फिरवत राहिलात की कण फुटून बोथट होतात आणि धूळ वाढते. बोथट ग्रिट पृष्ठभाग कोरत नाही, ठोकतो. वरून बघताना मॅट दिसतं, पण प्रोफाइल, म्हणजे खडबडीतपणा, मोजला की कमी भरतो.

दाब आणि कोन: प्रेशर पॉटला ३ ते ४ बार, अंतर १०० ते १५० मिलिमीटर, कोन ६० ते ७५ अंश. सरळ ९० अंशांत मारलं तर कण धातूत रुततात. रुतलेला ॲल्युमिना बॉन्ड कोटखाली तसाच राहतो आणि तड्याला आयती वाट देतो.

दीड मिलिमीटरचा पत्रा एका बाजूने मारला की मारलेल्या बाजूकडे फुगतो. फिक्स्चरमध्ये आवळून ठेवला तर दिसत नाही, सोडला की दिसतो. दाब खालच्या टोकाला ठेवा, एका जागी रेंगाळू नका, सगळीकडे एकसारख्या दोन-तीन फेऱ्या मारा. ब्लास्टिंगच्या आधी आणि नंतर लायनरचा व्यास तीन ठिकाणी मोजा.

हवा: ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा भोसरीत जुलैमध्ये हे काम करणाऱ्याला सांगायला नको की कॉम्प्रेसरच्या लाइनमधून किती पाणी येतं. ड्रायर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. रोज सकाळी ब्लास्टिंगच्या नळीच्या तोंडाशी, ग्रिट बंद ठेवून, पांढरा टीपकागद मिनिटभर धरा. त्यावर ओलसर डाग किंवा तेलाची पिवळसर छटा आली तर त्या दिवशी ब्लास्टिंग करू नका.

ओलाव्याची दुसरी वाट कमी लोकांच्या लक्षात येते. मोजमापाच्या एसी खोलीतून २२ अंशांचा लायनर थेट पावसाळी शॉपमध्ये आणला की त्याला घाम सुटतो, कारण मुंबईच्या पावसाळ्यात दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. भाग शॉपच्या तापमानाला येऊ द्या, मगच ब्लास्ट करा.

सफाई: ब्लास्टिंगनंतर कोरड्या हवेने धूळ उडवा. कूपन लहान असतील तर अल्ट्रासोनिकमध्ये ॲसिटोनचा एक डाव द्या. फडक्याने पुसू नका. खडबडीत पृष्ठभाग सुती धागे ओढून घेतो आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. इथून पुढे हातमोजे, तेही नवे आणि पावडर नसलेले.

तपासा: खडबडीतपणा, म्हणजे आरए, ३ ते ५ मायक्रॉन. पारदर्शक चिकटपट्टी कूपनवर दाबून उचला आणि पांढऱ्या कागदावर लावा. करडी धूळ दिसली तर परत फुंका. ही चाचणी लायनरवर करू नका, टेपचा गोंद मागे राहतो.

सावधान: ब्लास्टिंग संपल्यापासून पहिल्या पासापर्यंत दोन तासांहून जास्त वेळ जाऊ देऊ नका. पावसाळ्यात त्याहूनही कमी. जेवणाची सुट्टी मध्ये येत असेल तर ब्लास्टिंग जेवणानंतर करा.

टप्पा ५: पावडर

बॉन्ड कोटसाठी साधारण ४५ ते ७५ मायक्रॉनची, म्हणजे मुद्दाम जाडसर पावडर. बारीक पावडरीने थर सुबक येतो, पण टॉप कोटला पकडायला खाचाच राहत नाहीत. प्लाझ्मा स्प्रेमध्ये सिरॅमिकची पकड जवळजवळ पूर्णपणे यांत्रिक असते.

डबा उघडण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं आडवा लोळवा. वाहतुकीत बारीक कण तळाशी जातात. झिर्कोनिया १०० ते १२० अंशांना तास-दोन तास ओव्हनमध्ये ठेवा आणि कोमट असतानाच हॉपरमध्ये भरा. दमट पावडर फीडरमध्ये धक्क्याधक्क्याने वाहते आणि कोटवर आडव्या पट्ट्या उमटतात.

दोन पावडरींना दोन हॉपर आणि दोन नळ्या. 'नळी फुंकून घेतली' हे पुरेसं नाही. पांढऱ्या कोटमधले काळे ठिपके बहुतेक वेळा नळीत राहिलेली एम-क्रॅली असते. नसली तर नोझल झिजून तांबं किंवा टंगस्टन थुंकतंय.

टप्पा ६: गन पेटवणं आणि डाग बघणं

आधी नुसत्या आरगॉनवर आर्क पेटवा, करंट वर न्या, मग हायड्रोजन हळूहळू सोडा. बंद करताना उलट: आधी पावडर, मग हायड्रोजन, शेवटी आर्क.

एफ४ जातीच्या गनला झिर्कोनियासाठी सुरुवात साधारण अशी: ६०० अँपिअर, आरगॉन मिनिटाला ३५ ते ४० लिटर, हायड्रोजन १० ते १२ लिटर, अंतर १०० ते १२० मिलिमीटर, पावडर मिनिटाला ३० ते ४० ग्रॅम. दुसऱ्या गनला हे आकडे लावू नका, तिच्या तक्त्यावरून सुरुवात करा. बॉन्ड कोटला अंतर थोडं जास्त, १२० ते १४० मिलिमीटर.

आकड्यांपेक्षा व्होल्टेजवर डोळा ठेवा. नव्या नोझलला, ठरलेल्या करंट आणि गॅसवर व्होल्टेज किती येतं ते लिहून ठेवा. त्यात ३-४ व्होल्टची घट दिसली की नोझल झिजलं समजा. करंट वाढवून भरपाई करणं म्हणजे दुखणं झाकणं.

डाग-चाचणी: गन एका पट्टीसमोर स्थिर धरून एक-दोन सेकंद पावडर सोडा. पावडर बाजूने शिरत असल्यामुळे डागाचा मध्य गनच्या अक्षाच्या किंचित पलीकडे पडतो, ते ठीक. तो फार पलीकडे गेला असेल तर कॅरियर गॅस (पावडर वाहून आणणारा वायू) जास्त आहे आणि कण ज्योत ओलांडून जात आहेत. अलीकडेच राहिला तर कण गाभ्यात पोचतच नाहीत. दोन्ही वेळा कण अर्धे कच्चे राहतात.

गनचं थंड पाणी चिलरमधून १५-१८ अंशांना येत असेल आणि पावसाळ्यात गन बंद ठेवून पाणी चालू राहिलं असेल, तर नोझलच्या आतसुद्धा दव जमतं. पाणी आर्कच्या थोडंच आधी सोडा, आणि पेटवण्याआधी दोन मिनिटं आरगॉन वाहू द्या.

सावधान: बूथमध्ये आवाज ११० डेसिबलच्या वर जातो, आर्कमधून तीव्र अतिनील किरण निघतात. क्रोमियमच्या पावडरीच्या धुरात षटसंयुजी क्रोमियम असू शकतं, म्हणून एक्झॉस्ट बंद असताना 'एकच पास' हाही मोह नको. धूळसंचयातली बारीक ॲल्युमिनियमयुक्त पावडर पेट घेऊ शकते. ठिणगी उडवणारी साधनं तिच्याजवळ नेऊ नका.

टप्पा ७: बॉन्ड कोट

पावडर बंद ठेवून गनच्या एक-दोन फेऱ्यांनी लायनर १०० ते १२० अंशांवर आणा. याआधी पावडर सोडली तर ज्योतीतला ओलावा थंड पत्र्यावर बसतो आणि पहिला थर त्या ओलीवरच पडतो. २०० च्या वर नेऊ नका, पृष्ठभागावर ऑक्साइडची छटा चढते.

गन पृष्ठभागाला ९० अंशांत, लायनरच्या वळणावर नाइलाजाने ६० पर्यंत. त्याखाली कण तिरके आपटतात, आड सावल्या पडतात आणि थर कुजक्या लाकडासारखा पदरी होतो. पासाला २०-२५ मायक्रॉन धरून पाच-सहा पास. शेजारून थंड हवेचे झोत चालू ठेवा आणि तापमान १५० च्या आसपास राखा.

तपासा: आरए ८ ते १२ मायक्रॉन. हाताला, म्हणजे हातमोज्यातल्या बोटाला, जाड सँडपेपरसारखा लागायला हवा. इथे एक चूक वारंवार दिसते. कुणीतरी 'जरा साफ' म्हणून त्यावर हलकं ब्लास्टिंग किंवा वायर ब्रश फिरवतो. ज्या उंचवट्यांवर सिरॅमिक लटकणार असतो, तेच अशाने मोडतात.

टप्पा ८: टॉप कोट

त्याच बैठकीत, बॉन्ड कोट थंड होण्याआधी. उद्यावर ठेवू नका.

पासाला १० ते १५ मायक्रॉन, म्हणजे ३०० मायक्रॉनला वीस-तीस पास. 'पासाला ४० काढू, लवकर आटपेल' असं केलं की एका पासातली उष्णता आणि आकुंचन एकदम साठतं आणि थराथरांमध्ये आडवे तडे पडतात. वरून काहीच कळत नाही. नखाने टिचकी मारली तर आवाज पोकळ येतो, तोही सरावलेल्या कानाला.

दर चार-पाच पासांनी गन बाजूला घेऊन ओव्हरस्प्रेची (न चिकटता उडालेल्या पावडरीची) सैल धूळ हवेने उडवा. कडेला आणि कोपऱ्यात ती साचते आणि पुढचा पास तिच्यावर बसतो.

स्प्रे झाल्यावर कोट करडा किंवा पिवळसर दिसला तर घाबरू नका. ज्योतीत झिर्कोनियाचा थोडा ऑक्सिजन कमी होतो, हवेत तापवला की पांढरा होतो. ठिपके मात्र तापवून जात नाहीत.

टप्पा ९: थंड करणं, टेप, छिद्रं

फिक्स्चरवरच, हवेचे झोत बंद करून थंड होऊ द्या. टेप कोमट असताना काढा, कोटपासून दूर आणि पृष्ठभागालगत ओढत. छिद्रं पिनने मोकळी करताना पिन सिरॅमिकच्या बाजूने घाला. मागून घातली तर छिद्राभोवती सिरॅमिकची टिकली उडते.

टप्पा १०: मोजणं आणि कापणं

जाडी आधी ठरवलेल्या बिंदूंवर, मायक्रोमीटरने, प्रत्येक थरानंतर. पत्रा चुंबकीय नसल्यामुळे साधा चुंबकीय गेज इथे निरुपयोगी. सिरॅमिकची जाडी एडी करंट गेजने मोजता येते, पण तो त्याच बॉन्ड कोटच्या कूपनवर जुळवलेला हवा.

कूपन कापण्याआधी त्यात निर्वातात पातळ इपॉक्सी मुरवा. गरम दाबाचं माउंटिंग नको, सच्छिद्र थर चिरडतो. हिऱ्याचं चाक हळू फिरवा आणि ते कोटमधून शिरून धातूतून बाहेर पडू द्या. नियम पिनेचाच: जोर सिरॅमिककडून धातूकडे.

सच्छिद्रता साधारण १० ते १५ टक्के हवी. २५ दिसली तर लगेच गनला दोष देऊ नका. पॉलिशमध्ये कण उपटले गेले असतील. आणखी पाच मिनिटं पॉलिश करून परत मोजा. आकडा उतरला तर खोट पॉलिशमध्ये होती. सांध्यावर रुतलेला ग्रिट दिसतोय का, तेही इथेच बघा.

पकडीची चाचणी एएसटीएम सी ६३३ या मानकाप्रमाणे, एक इंच व्यासाच्या पाच बटणांवर: कोटला गोंदाने दुसरं बटण चिकटवून ओढून तोडतात. कोटची एकूण जाडी ०.३८ मिलिमीटरपेक्षा जास्त असावी. नाहीतर गोंद छिद्रांतून झिरपून सिरॅमिकलाच शिवून टाकतो आणि खोटा, भरघोस आकडा मिळतो.

भट्टीतल्या चक्रांसाठी १,१०० अंशांना ४५-५० मिनिटं, मग १०-१५ मिनिटं हवेने थंड. पृष्ठभागाचा पाचवा भाग सुटला की कूपन बाद धरतात. चक्र मोजत बसण्यापेक्षा प्रत्येक वेळी कड बघा. १,२०० च्या वर या झिर्कोनियाची चाचणी घेऊ नका. स्प्रेमध्ये मिळालेली अर्धस्थिर स्फटिक-अवस्था तिथे हळूहळू मोडते, आणि थंड होताना आकारमान वाढून थर भुसभुशीत होतो.

सुटलेल्या जागेचा रंग वाचा

कोट सुटला की भिंगातून दोन्ही बाजू बघा, पॅनेलला हात लावण्याआधी.

खाली ब्लास्ट केलेला करडा धातू दिसतो: बॉन्ड कोटच सुटला. तेल, ओलावा, बोथट ग्रिट किंवा दोन तासांची मर्यादा मोडली. टप्पा २ आणि ४.

खाली खडबडीत, काळपट-हिरवट बॉन्ड कोट, पांढरं जवळजवळ नाही: बॉन्ड कोट गुळगुळीत झाला, किंवा त्याच्यावरचा ऑक्साइड जाड झाला. हे पहिल्या काही चक्रांतच झालं असेल तर टप्पा ७. शेकडो चक्रांनंतर झालं असेल तर कोटने आपलं आयुष्य जगून घेतलं.

दोन्ही बाजूंना पांढरं: सिरॅमिक स्वतःमध्येच फाटला. कच्चे कण, जाड पास किंवा मधली धूळ. टप्पा ६ आणि ८. गनला दोष द्यायची जागा हीच.

फक्त कडेला: टप्पा ३, आणि जाडी.

दुरुस्ती करताना सुटलेल्या ठिकाणी ठिगळ मारू नका. नव्या सिरॅमिकची कड जुन्या सिरॅमिकवर धड बसत नाही, आणि ठिगळासाठी केलेलं ब्लास्टिंग शेजारचा शाबूत कोट सैल करतं. लायनरवरचा सगळा कोट बॉन्ड कोटसकट काढा, पत्र्याची जाडी मोजा, आणि टप्पा २ पासून सुरू करा.